सातव्या कॅनचा वास

"पीएच किती आला?" तपासणीच्या खाटेवरून उतरता उतरता तिने विचारले.

डॉक्टरबाईंनी हातातली कागदाची पट्टी रंगतक्त्याशी पुन्हा एकदा ताडून पाहिली. हा प्रश्न त्यांना आजवर एकाही पेशंटने विचारला नव्हता. "साडेपाच. साडेचारच्या आत हवा."

"म्हणजे आंबटपणा गेला. विरजण मेलं."

ती डेअरीत कामाला होती. धक्क्यावर उतरणाऱ्या प्रत्येक दुधाच्या कॅनचे झाकण उघडायचे, वास घ्यायचा आणि 'आत' किंवा 'परत' एवढेच म्हणायचे, हे तिचे नऊ वर्षांचे काम. ड्रायव्हर तिला नाकवाली ताई म्हणत. प्रयोगशाळेचा अहवाल अर्ध्या तासाने येई आणि तिच्या शब्दाला मान डोलावून जाई. गेल्या महिन्यात मात्र तिने अकरा चांगले कॅन परत पाठवले. मासळीसारखा एक वास तिच्या नाकातून हटत नव्हता. तो कॅनचा की स्वतःचा, हे तिला ठरवता येईना. येत्या शनिवारी साहेब सगळ्यांसमोर तिची परीक्षा घेणार होते. दहा कॅन. चुकली, तर नाकाचे काम संपले आणि कॅन धुण्याच्या विभागात बदली.

"घरी काय म्हणतात?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"हे म्हणतात, मला कसलाच वास येत नाही. पण ह्यांचं काय धरायचं? गॅस चालू राहिला तरी ह्यांना पत्ता नसतो."

डॉक्टरबाई हसल्या. "बरं, तुम्ही धुता कशाने?"

ती सावरून बसली. या उत्तराबद्दल तिला खात्री होती. "डेअरीतलं जंतुनाशक. कॅनला जे प्रमाण, तेच. थेंबभर इकडेतिकडे नाही. सकाळ-संध्याकाळ, आतूनसुद्धा. वास वाढला तशी दुपारचीही एक वेळ धरली."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले. "विरजणाच्या टाकीत राहू देता हे द्रावण?"

"छे! चांगली पाच वेळा विसळतो. थोडं जरी राहिलं तरी दही लागत..."

वाक्य तिथेच थांबले.

"हा अस्वच्छतेचा आजार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "योनीतले चांगले जंतू कमी झाले आणि नको ते माजले, इतकंच. आता औषध. एक तर गोळ्या, दिवसातून दोन, सात दिवस. स्वस्त पडतात. कुणाला मळमळतं, आणि तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव येते."

"ती चव राहते किती?"

"गोळ्या चालू आहेत तोवर तरी राहते."

"मग नकोत. शनिवारी मला जीभ आणि नाक दोन्ही लागणार आहेत."

"मलम आहे. सात रात्री. तेलकट असतं, निरोध वापरत असाल तर तो कमजोर होतो."

ती बोटांवर मोजत होती. "सात म्हणजे शनिवार उलटून जातो."

"मग जेल घ्या. झोपताना नळीने आत सोडायचं. पाच रात्री."

सोमवार ते शुक्रवार. "हेच द्या."

"दोन दिवसांत वास गेला म्हणून थांबायचं नाही. पाच म्हणजे पाच. पुन्हा उद्भवलं तर इथे यायचं, जंतुनाशकाच्या बाटलीकडे जायचं नाही. आणि ते धुणं बंद."

"अगदी बंद?"

"बाहेरून साधं पाणी. आत काही नाही. आतलं आत सांभाळून घेतं."

औषधापेक्षा हे पथ्य तिला जड गेले. बुधवारी सकाळी न्हाणीघरात तिने बाटलीचे झाकण उघडले, सवयीने वास घेतला आणि झाकण पुन्हा घट्ट लावले.

शनिवारी धक्क्यावर दहा कॅन रांगेत मांडले होते. दुधाचे नमुने कॅन भरण्याआधीच तपासले गेले होते आणि निकालाचा कागद घडी घालून साहेबांच्या खिशात होता. ड्रायव्हर चहाचे कप हातात धरून कडेला उभे राहिले.

"आत," ती म्हणाली. "परत. आत. आत. आत. आत."

साहेब तो कागद उघडून त्यावर खुणा करीत होते. दुसरा कॅन मुद्दाम ठेवलेला, आंबट होऊ लागलेल्या दुधाचा होता.

सातव्यापाशी ती थांबली. झाकण लावले, पुन्हा उघडले.

"परत."

साहेबांचे पेन थबकले. "बाई, सातवा चांगला आहे. इथे लिहिलंय. पुन्हा तेच का?"

"ताई, घाई नको," एक ड्रायव्हर पुटपुटला. "अजून एकदा घ्या वास."

तिने घेतला नाही. आपल्या मनगटाचा मात्र घेतला, साऱ्यांदेखत. त्याला नुसत्या पाण्याचा वास होता.

"दूध चांगलंच आहे, साहेब. कागद बरोबर आहे. तुम्ही स्वतः वाका."

साहेब नाइलाजाने कॅनवर वाकले. वर आले तेव्हा त्यांचे डोळे चुरचुरत होते आणि रुमाल नाकाशी होता.

"जंतुनाशक," ती म्हणाली. "कुणीतरी फार मन लावून धुतलाय. धुण्याच्या विभागाला सांगा, इतकं धुवायचं नसतं."

आणि तिने आठव्या कॅनचे झाकण उचलले.