चार डिस्कची अदलाबदल

समजा, कमलाकर म्हात्र्यांच्या पनवेलच्या कॉम्प्युटर दुकानात तुम्ही त्यांच्या शेजारी स्टुलावर बसला आहात, आणि समोर दहा वर्षांची आफरीन पिशवीतून चार हार्ड डिस्क काढून काचेवर मांडते आहे.

"काका, या बदलून द्या. फार आवाज करतात."

डिस्क तिच्या अब्बांनी, झुबेरनं, गेल्याच आठवड्यात नेल्या होत्या. झुबेर उलव्याच्या इमारतींचे नकाशे काढायचा. ते साठवायला त्यानं घरीच छोटा सर्व्हर रॅक उभा केला होता.

"वापरलेला माल मी परत घेत नाही, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. पण रॅकच्याच खोलीत परवा बाळंतपण झालंय. दादीनंच केलं." आफरीनचा आवाज खाली आला. "रॅक चालू केला की बाळंतीण दचकते. काल बाळाला उचलून निघालीच होती. मी दार लावलं म्हणून राहिली."

कमलाकर चमकले. झुबेरची बहीण जास्मीन बाळंतपणासाठी माहेरी येणार, असं त्यांच्या कानावर होतं.

"अशा दिवसांत? कुठे निघाली होती?"

"काय माहीत. अम्मी म्हणाली, जायचं तर जाऊ दे."

"असं म्हणाली?"

"हो ना! आणि अब्बा म्हणतात, उद्यापासून रॅक दिवसरात्र चालणार. तुम्ही शांत डिस्क दिल्यात तरच ती राहील."

कमलाकरांना जुने दिवस आठवले. त्यांची बायको वसुंधरा बाळंत झाली, तेव्हा भिंतीपलीकडे आफरीनची दादी फहमिदा शिवणकाम करायची. ईद तोंडावर, कपड्यांचा ढीग पडलेला. तरी सव्वा महिना तिनं मशीनला हात लावला नाही, सगळं सुईनं शिवलं. "बाळंतिणीला झोप हवी," एवढंच म्हणाली होती. त्याची परतफेड करायला एवढ्या वर्षांत संधीच मिळाली नव्हती.

"बस इथे," ते म्हणाले. "हे बघ, या डिस्कच्या पोटात चकती फिरते. मिनिटाला सात हजार दोनशे फेऱ्या. जेवढी पळेल तेवढी वीज खाणार, तेवढी तापणार. मग तिला गार करायला पंखाही बोंबलणार."

"मग न फिरणारी द्या."

"हुशार! तशी मिळते गं, फार महाग. अब्बांचे सगळे नकाशे मावतील एवढी घेतलीस, तर अब्बा माझ्या दुकानाला कुलूप ठोकतील. ही बघ, पाच हजार चारशेवाली. सावकाश फिरते, गार राहते. नकाशांना कुठे पळायचंय?"

त्यांनी एक डिस्क जोडून चालू केली. आफरीननं डोळे मिटून कान लावला. बऱ्याच वेळानं तिनं मान डोलावली.

तेवढ्यात वरच्या घरातून वसुंधरा डबा घेऊन खाली आली. तिनं जिन्यातूनच सगळं ऐकलं होतं. "डिंकाचे लाडू हायेत. आन् अम्मीला सांग, बाळंतिणीला असं टाकून बोलायचं नाय!"

संध्याकाळी कमलाकर स्वतःच डिस्क बसवायला गेले. दारात फहमिदा म्हणाली, "अल्ला तुमचं भलं करो, कमलाकरभाऊ. पोरीनं कालपासून धड खाल्लं नव्हतं."

खोलीत बाळंतीण असणार, म्हणून ते मान खाली घालूनच आत शिरले. डिस्क बसल्या. रॅकच्या पत्र्याला कंप लागू नये म्हणून त्यांनी खाली रबरी वॉशर घातले आणि बटण दाबलं. एवढा बारीक आवाज की भिंतीवरचं घड्याळ त्याहून मोठं वाटलं.

"राहील आता जास्मीन?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"आत्या? ती तर पुढच्या महिन्यात येणार आहे."

आफरीननं ओठांवर बोट ठेवलं, रॅकमागे सरकून गुडघ्यांवर बसली, खोक्यावरचा टॉवेल अलगद बाजूला केला आणि अजून डोळेही न उघडलेलं मांजरीचं पिल्लू कमलाकरांच्या ओंजळीत ठेवलं.