पाच उदबत्त्या

खिडक्या लावून, पाच उदबत्त्या पेटवून मगच करुणाने गॅस मोठा केला. कढईत मोठ्याच्या मटणाच्या पातळ पट्ट्या चुरचुरल्या. ऑफिसातून यायलाच सात वाजले होते आणि लेक भुकेली होती. मटण म्हशीचंच होतं, कायद्यात बसणारं. पण दारात उभं राहून हे ऐकून कोण घेणार? आधीचं भाड्याचं घर याच वासापायी आठ दिवसांत सोडावं लागलं होतं. ढोबळी मिरची, गाजर टाकून ती भराभर परतू लागली. दहा मिनिटांचं तर काम.

बेल वाजली. तिने कढईवर ताट झाकलं.

दारात समोरच्या काकू, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या पत्नी. हातात रिकामी वाटी. "थोडं विरजण आहे का गं?" म्हणता म्हणता त्यांनी खोल श्वास घेतला.

"सोयाबीन परततेय, काकू," काकूंनी विचारायच्या आधीच करुणा बोलून गेली.

काकू सरळ आत आल्या. दार लोटून ओट्याशी गेल्या आणि त्यांनी ताट उचललं. करुणाच्या डोळ्यांपुढे सामानाचा टेम्पो आला, लेकीची पुन्हा बदललेली शाळा आली.

"पाच उदबत्त्या एकदम लावू नयेत गं," काकू कुजबुजल्या. "त्यानंच लोकांना संशय येतो. माझी आई दोनच लावायची."

मग त्यांनी वाटी पुढे केली. "विरजण राहू दे. यात चार तुकडे घाल, इथेच उभ्याने खाते. पण आधी दाराला कडी लाव."