कापसात वाजलं ते

टिण्ण.

भाव वाढायची वाट पाहत समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस रचला होता. त्यावरून घसरत लहानगी समीक्षा खाली आली, आणि आत कुठंतरी काचेवर काच वाजली. एवढासाच आवाज. पण खोलीतल्या सगळ्यांना तो ऐकू गेला.

हवालदार हिरासिंगांनी कपबशी खाली ठेवली. त्यांचा प्रश्न अजून तसाच अधांतरी होता.

“वहिनी, तुमालेच इचारून राह्यलो. गोपालभाऊ आता दारू पेते का?”

निकितानं नवऱ्याकडं पाहिलं. गोपाल इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बसला होता. सरकारच्या स्फोटकांच्या कारखान्यात ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव लागलं होतं. पोलिसांची एवढी चौकशी पार पडली की नोकरी हातात.

“मागच्या साली पांढरकवड्याच्या रोडवर पिऊन गाडी चालवताना धरलं, ते यायनं सोताच फॉर्मात लिवून देल्लं. बरं केलं. लपवलं असतं तं तिथंच काम खलास होतं. पण वरच्यायले एकच पाह्यजे, सुटली का नाही. त्या ट्रकमंदी सोयाबीन नसते, वहिनी.”

“सुटली नं!” सासूबाई विमलताई मधेच बोलल्या. “पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सोडली त्यानं.”

“मंग आत काय वाजलं?”

“फवारणीची शिशी असन एखांदी.”

“मावशी, फवारणीचं जहर कापसात? अन् पोरगी त्याच्यावर उड्या मारून राह्यली?”

विमलताईंनी सूप ओढलं आणि पाखडून ठेवलेली तूर पुन्हा पाखडायला घेतली.

काय वाजलं ते निकिताला ठाऊक होतं. सकाळीच धान्याच्या कोठीमागं दारूचे दोन पव्वे सापडले होते, एक रिकामा, एक अर्धा. हवालदाराची मोटरसायकल गल्लीत वाजली, तेव्हा तिनंच कोपरापर्यंत हात घालून ते कापसात सारले. मागं वळली तर दारात समीक्षा उभी. मग लेकीकडं बघून स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

नोकरी लागली तर क्वार्टर मिळेल, घराजवळ शाळा मिळेल. गोपाल धरला गेला त्या दिवशी मोटरसायकलच्या टाकीवर, त्याच्या पुढ्यात, समीक्षा बसलेली होती. हे मात्र कुणीच कुठं लिहिलं नव्हतं.

“सांग ना,” गोपाल हळूच म्हणाला. मान त्यानं वर केली नाही.

  समीक्षाच्या केसांना कापूस चिकटला होता, तो काढायला म्हणून निकिता उठली. एकेक पुंजका वेचू लागली, शेतात वेचावं तसं, सावकाश.

“वहिनी?” हवालदारांचा पेन वाट पाहत होता.

सूप थांबलं.

समीक्षानं आईकडं पाहिलं, मग बाबाकडं, मग त्या खाकी काकाकडं. सकाळी आईनं ठेवलं होतं तसंच बोट तिनं आपल्या ओठांवर ठेवलं, आणि बोटाआडूनच विचारलं,

“आई, काकाले सांगू का?”