येतो म्हणालाय

पंपावरच्या रांगेत तिच्या पुढे अजून सतरा गाड्या होत्या. दुपारपर्यंत वादळ धडकणार, नदीकाठ रिकामा करा, असं सकाळपासून भोंग्यावर सांगत होते. डिझेलचा भाव तासातासाला चढत होता आणि लोक हाताला लागेल त्या भांड्यात ते भरून नेत होते. एकाने तर पिंपच आणलं होतं.

"काय हो, आंघोळ करताय का डिझेलने?" मागून कोणी तरी ओरडलं. हसलं मात्र कोणीच नाही.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. नदीच्या बांधावर पुराच्या दरवाजांची उघडझाप करणारं इंजिन त्याच्या ताब्यात होतं.

"मिळालं का डिझेल?"

"मिळेल. रांग आहे."

"मिळालं की टेकडीवर ताईकडे जा. पोरीला जप. येतो मी."

फोन बंद झाला, तो पुन्हा लागलाच नाही.

तिने टाकी भरली, शिवाय दोन कॅन. मागच्या माणसाची पाळी आली तेव्हा पंपवाल्याने 'संपलं' अशी पाटी लावली. तिला वाईट वाटलं, पण हायसंही वाटलं.

घरी येऊन तिने पोरीला गाडीत बसवलं आणि त्याचे कोरडे कपडे पुढच्या सीटवर ठेवले. शेजारचे मास्तर सामान लादून निघाले होते.

"अगं, निघ आता."

"येतो म्हणालाय तो. त्याला टाकून कशी जाऊ?"

मास्तरांनी तिची समजूत घालून पाहिली. शेवटी म्हणाले, "बरं, येतो आम्ही," आणि त्यांची गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

गल्ली ओस पडली. वाऱ्याने पत्रे खडखडू लागले. दोन तास झाले. तिला त्याचा राग आला, मग रडू आलं. पोरीने चारदा विचारलं, चारदा तिने सांगितलं, "येतोय बाबा."

अखेर आला तो त्याचा बांधावरचा जोडीदार. कमरेपर्यंत चिखलाने माखलेला, पायी.

"वहिनी! तुम्ही अजून इथेच?"

"तो कुठंय?"

"इंजिनला डिझेल नव्हतं. सगळे पंप पालथे घातले, थेंब मिळाला नाही. दरवाजे हाताने फिरवायला एकाला थांबावं लागलं."

"माझ्याकडे दोन कॅन आहेत! बसा, चला!" तिने चावी फिरवली.

त्याने खिडकीतून तिचा हात धरला.

"दरवाजे लागले, वहिनी. गाव वाचलं. पण दरवाजांवरचा पूल गेला, त्याच्यासकट. मी म्हटलं होतं, मी थांबतो, तुला बायकापोरं आहेत. तर म्हणाला, तू हो पुढे, तिचा निरोप घेतलाय मी मघाशी फोनवर."