पोह्यांच्या बशीशेजारचा लॅपटॉप

स्टिकरवर कोर टू ड्युओ होतं. विंडोज पेंटियम म्हणत होतं. आणि वीरेशच्या पेनड्राइव्हवरचं तपासणीचं सॉफ्टवेअर सेलेरॉनवर अडून बसलं होतं. प्रोसेसर एक, नावं तीन. मंगळवार पेठेतल्या त्या बैठकीच्या खोलीत पोहे गार होत चालले होते.

मुलगी बघायला आलेल्या मुलावर अशी वेळ सहसा येत नाही. पगार विचारतात, शेती विचारतात, फार तर तंबाखूचं विचारतात. पण पेठ वडगावहून आलेल्या वीरेशच्या मामांनी चपला काढता काढताच सांगून टाकलं होतं, "आमचा वीरेश कंप्युटर नुस्ता आवाजावरनं वळकतोय." त्यावर मुलीच्या वडिलांनी, चनबसाप्पांनी, आधीच्या दोन मुलांपुढे ठेवला होता तसाच लेकीचा लॅपटॉप त्याच्याही पुढ्यात ठेवला. लॅपटॉप तेव्हा पाहुण्यांना दाखवायचीच वस्तू होती.

"मग ह्यात कंचा प्रोसेसर हाय तेवढं सांगा की, पावणं."

वीरेशला हे स्थळ हवं होतं. मघाशी बशी देताना शांभवीनं त्याच्याकडे सरळ बघितलं होतं.

मामा त्याच्या कानाशी लागले. "तिन्हीतलं दांडगं नाव सांग. हितं कुणाला कळतंय?"

सल्ला व्यवहारी होता. कोर टू ड्युओ म्हटलं की लॅपटॉपही मोठा झाला असता आणि जावईही. वीरेशनं तोंड उघडलं. मग लॅपटॉपच्या पडद्याकडे बघितलं, स्टिकरकडे बघितलं, आणि पुन्हा पडद्याकडे.

"मला नाही सांगता येत," तो म्हणाला. "यातलं कुणीतरी खोटं बोलतंय. कोण, ते मागचं झाकण उघडल्याशिवाय मी सांगणार नाही."

मामांनी डोळे मिटले. शांभवीची आई दानम्मा चहाचा ट्रे घेऊन दारात पोचली होती, ती तिथूनच माघारी वळली.

"म्हंजे येत न्हाय," चनबसाप्पा म्हणाले. मग त्यांनी अत्यंत आपुलकीनं वडगावकडं पाऊसपाणी कसं काय, असं विचारलं. या घरात पाऊसपाण्याची चौकशी झाली की पाहुण्यांनी उठायचं असतं, हे मामांना कुणी सांगावं लागलं नाही. ते चपला शोधू लागले.

"अव्वा, चहा आण की," शांभवी म्हणाली.

चनबसाप्पा लेकीकडे वळले.

"आगं, आदीच्या दोघांनी फाडफाड सांगितलं, त्यास्नी तू नगं म्हणालीस," चनबसाप्पा म्हणाले. "आन् ह्यास्नी तर कायच सांगता येईना."

शांभवीनं लॅपटॉप आपल्याकडे ओढला. नखानं स्टिकर अलगद उचकटला आणि वडिलांच्या तळहातावर ठेवला.

"हा मैत्रिणीच्या लॅपटॉपचा आहे, अप्पा. आणि विंडोजमधलं नाव मी बदलते, मुलगा बघायला यायचा असला की."