शंकेला कुलूप

"नाही जात, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "चार वेळा पुसून बघितली. दर वेळी तेच येतंय. फाईल कुलूपबंद आहे म्हणतंय."

"मग कुलूप तोड. पगार कशाचा घेतोस?"

मेहुणा म्हणजे साहेबांच्या बायकोचा धाकटा भाऊ. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर तोच सांभाळायचा. साहेबांच्या मते त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तसा साहेबांच्या मते काही कळणारा माणूस जगात एकच होता, आणि तो रोज सकाळी दाढी करताना त्यांना आरशात भेटायचा.

पावणेतीन वाजले होते. तीनला चौकशी अधिकारी येणार होत्या. साहेबांच्या कंपनीनं बांधलेल्या नाट्यगृहाची गॅलरी गेल्या आठवड्यात, नाटक चालू असताना, वीतभर खाली बसली. जीव कुणाचा गेला नाही, पण तिघांचे पाय मोडले. आता दोष कुणाचा हे ठरायचं होतं. साहेबांनी ते आधीच ठरवून टाकलं होतं. नकाशा ज्या बाईंनी काढला, खाली सही ज्यांची, त्यांनीच निस्तरावं. बाईंची नोकरी जाणार होती, कदाचित खटलाही होणार होता. साहेबांनी दुपारचं जेवण नेहमीसारखंच पोटभर केलं होतं.

अडचण एकच होती. पाच वर्षांपूर्वी याच बाईंनी अर्ध्या पानाची एक फाईल लिहिली होती. नाव दिलं होतं 'शंका'. गॅलरीच्या बीममध्ये लोखंड कमी पडतंय, गणित पुन्हा तपासावं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्याखाली साहेबांनी स्वतः 'पाहिले' असं लिहून तारीख टाकली होती.

पाहिलं म्हणजे काय, तर भर मीटिंगमध्ये पडद्यावर लावून मोठ्यानं वाचून दाखवलं. मध्येमध्ये बाईंच्या आवाजाची नक्कलही केली. सगळे हसले. पगारवाढीचा महिना होता, हसणं भाग होतं. तेवढ्यानं साहेबांचं समाधान झालं नाही. नव्यानं लागणाऱ्या प्रत्येकाला हा नमुना दाखवायचा आणि बाईंना तो कधीही गुपचूप काढून टाकता येऊ नये, असं त्यांच्या मनात आलं. मीटिंग संपल्यावर त्यांनी मेहुण्याला बोलावून हुकूम सोडला, "असं कुलूप लाव, की वाचता कुणालाही येईल, पण पुसणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमता कामा नये." मेहुण्यानं लावलं. आयुष्यात एवढं एकच काम त्यानं चोख केलं असावं.

"पासवर्ड तुम्हीच टाकला होतात," मेहुणा आता म्हणाला. "मला तोंड फिरवून उभं केलं होतं."

"पासवर्डाशिवाय निघत नाही?"

"सगळंच पुसावं लागेल. वीस वर्षांचे नकाशे जातील. आणि तीनदा चुकलात तर कुलूप कायमचं बसेल."

साहेबांनी कपाळ चोळलं. बाईंवरच काहीतरी झणझणीत होतं, एवढं आठवत होतं. त्यांनी 'शंकेखोर' टाकायला लावलं. चुकलं. 'दीडशहाणी' टाकायला लावलं. तेही चुकलं. लोकांना नावं ठेवण्यात जन्म गेला, की कुणाला कुठलं ठेवलं ते लक्षात राहत नाही. ऑफिसातल्या बावीस माणसांना साहेबांनी निदान शंभर नावं ठेवली होती.

"बोलाव तिला," ते म्हणाले.

बाई आल्या आणि टेबलाच्या पलीकडे उभ्या राहिल्या. साहेब दाराकडे पाठ करून, मेहुण्याच्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये नाक खुपसून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बाई, तुमचं ते शंकापुराण मी वाचलं, त्या दिवशी मी तुम्हाला काय म्हणालो होतो?"

"बरंच काही म्हणाला होतात."

"शेवटचं. ज्यावर सगळे हसले ते. तोच पासवर्ड असणार त्या फाईलीचा."

बाईंना अर्थातच आठवत होतं. पाच वर्षं ते त्यांच्या डोक्यात होतं आणि गेल्या आठवड्यापासून तर दुसरं काही नव्हतंच. ते सांगितलं की फाईल जाणार, हेही त्यांना कळत होतं. फाईल गेली की त्यांच्या बाजूनं बोलणारं काहीही उरणार नव्हतं. त्यांना साहेबांची शिसारी आली होती आणि भीतीही वाटत होती.

"दातखीळ बसली का?" साहेब म्हणाले. "नोकरी हवीय ना? सांगा आणि जागेवर जाऊन बसा."

बाईंनी साहेबांच्या डोक्यावरून पलीकडे, दाराकडे पाहिलं. थोडा वेळ पाहत राहिल्या. मग हळूच बोलल्या, "मी विचारलं होतं, साहेब, गॅलरी पडली तर? तेव्हा तुम्ही म्हणालात..."

"तोंडातल्या तोंडात काय पुटपुटताय? मोठ्यानं बोला."

"पडली तर बघू," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या.

साहेबांनी मांडीवर थाप मारली. पाच वर्षांनीसुद्धा त्यांना स्वतःचा विनोद आवडला. "टाक रे. पडली तर बघू."

मेहुण्यानं टाइप केलं. कुलूप निघालं. स्क्रीनवर 'शंका' होती, साहेबांच्या तारखेसकट.

"आता पूस," साहेब म्हणाले.

मेहुण्यानं काही पुसलं नाही. तो खुर्चीतून उठून बाजूला झाला होता आणि दाराकडे बघत होता.

चौकशी अधिकारी दहा मिनिटं लवकर आल्या होत्या. त्या आत आल्या, मेहुण्याची रिकामी खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसल्या आणि त्यांनी चष्मा लावला.

"पडलीय," त्या साहेबांना म्हणाल्या. "चला, बघू."