ब्रेकचा दिवस

चंद्रावरच्या खाणीतली नोकरी अकरा महिन्यांची होती. मग एक दिवसाचा ब्रेक आणि पुन्हा अकरा महिने. जाण्याच्या भाड्यासाठी मुक्ता राहता फ्लॅट विकणार होती. परतीचे भाडे कंपनी फक्त कायम झालेल्यांना देत असे.

"तू कशाला आलीस इथे?" भरतीच्या टेबलापाशी ती आईवर दबक्या आवाजात चिडली.

"करार वाचायला," इंदुमतीबाई म्हणाल्या. शाळेने त्यांना नऊ वर्षे असाच ब्रेक दिला होता, कायम करावे लागू नये म्हणून. त्या दिवशी त्या घरी पापड लाटत बसायच्या.

त्यांनी टेबलामागे बसलेल्या कंपनीच्या साळपेकरसाहेबांना विचारले, "ब्रेकच्या दिवशी ही राहणार कुठे?"

"वसाहतीतच. बाहेर कुठे जाणार?"

"आणि हवा?"

"हवा कर्मचाऱ्यांना मिळते, बाई. त्या दिवशी या कर्मचारी नसतात. शिल्लक असली तर विकत घ्यायची. आता सगळ्यांचे ब्रेक एकाच दिवशी येतात, त्याला कोण काय करणार?"

"आई, पुरे. इथे तरी कुठली नोकरी टिकली माझी?" मुक्ताने पेन उचलले. मग तिनेच विचारले, "मागच्या ब्रेकनंतर किती जण कामावर परत आले?"

"ते तुम्हाला कशाला हवे?" साहेब वैतागले. "जागा रिकाम्या झाल्या, म्हणूनच भरती काढली ना? सही करा, नाहीतर बाजूला व्हा."

मुक्ताने पेन खाली ठेवले. मागे उभ्या असलेल्या माणसाने सगळे ऐकले होते. त्याने तिला कोपराने सरकवले आणि ते पेन उचलले.